छोट्या कॅम्पसच्या युनिव्हर्सिटीत शिकायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ॲडमिशनचे दिवस आले की तेच प्रश्न येतात, कधी मुलांचे, कधी आईवडलांचे, आणि मी दरवेळी तेच तेच टाइप करत बसते. म्हणून यावेळी सगळं एका जागी लिहून काढलं. मी अशाच एका छोट्या कॅम्पसवर पाच वर्षं शिकले, नंतर दुसऱ्या एका छोट्या ठिकाणी दोन वर्षं शिकवलं, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. नावं सांगणार नाही, विचारू नका.

छोटी म्हणजे नक्की किती छोटी?

अशी काही अधिकृत रेघ नाहीये. माझा हिशोब साधा, सगळी मुलं मिळून दोन-तीन हजारांच्या आत, एकच कॅम्पस, आणि या टोकाहून त्या टोकाला दहा-पंधरा मिनिटांत चालत पोचता येतं, ते छोटं. अमेरिकेतलं कॅलटेक एवढं जगभर नावाजलेलं, पण तिथं पदवीची मुलं हजाराच्या आसपासच असतात. त्याहून टोकाचं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातलं डीप स्प्रिंग्ज कॉलेज, १९१७ पासून चालू आहे आणि मुलं मोजून पंचवीस-तीस. त्यामुळे छोटं म्हणजे दुय्यम असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. आणि छोटं म्हणजे आपोआप चांगलं हेही काढा, कारण त्या समजुतीपायी जास्त लोक फसतात.

तिथं शिकवतात चांगलं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर "कोण शिकवतंय त्यावर" एवढंच आहे, पण थोडं सविस्तर सांगते.

वर्ग लहान असला की शिक्षकाला काही गोष्टी करणं शक्य होतं, पण त्या तो करेलच असं नाही. पिवळ्या पडलेल्या नोट्स वीस मुलांपुढे वाचल्या काय आणि दोनशे मुलांपुढे वाचल्या काय, वाचनच ते. २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, विज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून केलेला, त्यात नुसतं लेक्चर ऐकणाऱ्या वर्गांत नापास होणारे साधारण ३४ टक्के आणि जिथं मुलांना वर्गातच काहीतरी सोडवायला, बोलायला, वाद घालायला लावतात तिथं साधारण २२ टक्के निघाले. म्हणजे फरक पडतो तो वर्गात मुलं काय करतात त्याने. लहान वर्गात हे करून घेणं सोपं जातं इतकंच.

आमच्या एका सरांचं सांगते. ते पेपर तपासून परत देताना त्यावर मार्क लिहायचेच नाहीत. जिथं गाडी घसरली त्या ओळीखाली पेन्सिलने एक बारीक रेघ, बस. का चुकलं, किती चुकलं, काही नाही. म्हणायचे, शोध आणि ये, मग मार्क सांगतो. पहिल्यांदा मी चिडलेच, कारण माझ्या पेपरवर रेघ होती एका अगदी बरोबर दिसणाऱ्या ओळीखाली, दोन दिवस मी ती ओळ बघत होते आणि मग कळलं की ओळ बरोबर आहे पण ती ज्या गृहीतकावर उभी आहे ते मी वरती कुठे सिद्धच केलेलं नाही. सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं तर ते फक्त "हं" म्हणाले आणि मार्क सांगितले. ती चूक पुन्हा आयुष्यात झाली नाही. आम्ही वर्गात चौदाजण होतो म्हणून हे जमायचं, एकशेचाळीस असतो तर सरांचा पगार पेन्सिलींवरच गेला असता.

आणि त्याच कॉरिडॉरमध्ये पुढच्या खोलीत एक शिक्षक होते जे पूर्ण तास डिक्टेट करायचे, स्वल्पविरामासकट. तेही चौदाजणांनाच.

पण वन-टू-वन शिकवलं तर मुलं कमालीची पुढे जातात असं वाचलंय, मग छोटं ठिकाण चांगलंच नाही का?

तुम्ही वाचलंय ते बहुतेक बेंजामिन ब्लूमचं १९८४ चं काम असणार. त्यात एकेकट्याला शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे निघाला होता. आकडा फार गाजला, पण नंतरच्या अभ्यासांमध्ये फायदा दिसला तरी एवढा मोठा दिसला नाही. ऑक्सफर्डला ट्यूटोरियल पद्धत आहे, एका शिक्षकापुढे दोन-तीन मुलं, आठवड्याला काहीतरी लिहून न्यायचं आणि समोर बसून त्याची चिरफाड ऐकायची. गंमत म्हणजे ऑक्सफर्ड काही छोटं नाही, पण ते कॉलेजांमध्ये वाटलेलं आहे, त्यामुळे मोठ्या युनिव्हर्सिटीतही मुलाला छोटं घर मिळतं. छोट्या कॅम्पसवर तुम्हाला अशी व्यवस्था लिखित स्वरूपात, टाइमटेबलमध्ये आहे का ते बघा. "आमचे शिक्षक कधीही उपलब्ध असतात" हे वाक्य म्हणजे व्यवस्था नव्हे. मी शिकवत होते तिथं हेच वाक्य माहितीपत्रकात छापलेलं होतं आणि मला स्वतःला बसायला खुर्ची दुसऱ्या सेमिस्टरला मिळाली.

जाहिरातीत शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१२ दिलंय. म्हणजे वर्गात बाराच मुलं ना?

नाही हो. हा घोळ सगळ्यांचाच होतो. ते प्रमाण म्हणजे एकूण मुलं भागिले एकूण शिक्षक. त्यात रजेवर गेलेले, फक्त पीएचडीवाल्यांना बघणारे, आठवड्यातून एकदा येणारे, कुणाकुणाला धरलंय ते विचारावं लागतं.

आणि सरासरी वर्गसंख्या सांगितली तरी सावध राहा. समजा कॅम्पसवर दोनच वर्ग आहेत, एकात ९० मुलं आणि एकात १०. सरासरी वर्ग ५० चा झाला, कॉलेज खोटं बोलत नाहीये. पण शंभरातली ९० मुलं त्या ठासून भरलेल्या वर्गात बसलीयेत. प्रत्येक मुलाला विचारलं की तुझ्या वर्गात किती, आणि त्याची सरासरी काढली तर ती येते ८२. ५० कुठे आणि ८२ कुठे. म्हणून विचारायचं असं, की पहिल्या वर्षाच्या सगळ्यात मोठ्या वर्गात किती मुलं असतात आणि शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या एका बॅचला किती. या दोन आकड्यांत बरंच कळतं.

एखादे चांगले शिक्षक सोडून गेले तर?

तर डिपार्टमेंट बसतं, सरळ सांगते. मोठ्या ठिकाणी पाच-सहा जण तोच विषय शिकवणारे असतात, एक गेला तरी गाडा चालतो. छोट्या ठिकाणी अख्खं स्पेशलायझेशन एकाच माणसाच्या डोक्यात असतं. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत दोन शिक्षक एकदम गेले, एक घरच्या कारणाने आणि एकाला दुसरीकडे चांगली संधी मिळाली, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आम्हाला ते कळलं कसं, तर सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी टाइमटेबलमध्ये नावाच्या जागी नुसती आडवी रेघ. पाच आठवडे रेघच शिकवत होती. मग शेजारच्या डिपार्टमेंटच्या मॅडमना धरून आणलं, त्या बिचाऱ्या प्रामाणिक होत्या, पहिल्याच तासाला म्हणाल्या की मी तुमच्यापेक्षा फक्त एक धडा पुढे आहे, आपण मिळून वाचू. खरं सांगू का, तो पेपर आम्ही बऱ्यापैकी शिकलो. पण ज्यांनी त्याच स्पेशलायझेशनसाठी ॲडमिशन घेतली होती त्यांचं प्रोजेक्ट गाईडविना लटकलं आणि ऑफिसकडून एक ओळीचं पत्रसुद्धा आलं नाही. राग त्याचा आहे.

म्हणून ॲडमिशनआधी विचारून घ्या की तुमच्या विषयात कायमस्वरूपी किती जण आहेत, कॉन्ट्रॅक्टवर किती, आणि मागच्या तीन वर्षांत किती जण गेले. शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस खाली बघायला लागला तर उत्तर मिळालं समजा.

सगळे सगळ्यांना ओळखतात म्हणे. मग त्रास नाही होत?

होतो ना. आणि आधारही तिथूनच मिळतो, दोन्ही एकाच नळाचं पाणी.

आधाराचं आधी. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला मी जवळपास दहा दिवस वर्गात गेले नाही. आजारी नव्हते, उठावंसंच वाटायचं नाही. अकराव्या दिवशी लायब्ररीतल्या काकांनी हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमना विचारलं की ती खिडकीपाशी बसणारी मुलगी दिसत नाही हल्ली, पुस्तक पण परत आलं नाही तिचं. संध्याकाळी मॅडम खोलीवर आल्या, काही विचारलं नाही, खुर्चीवरचे कपडे बाजूला करून बसल्या आणि म्हणाल्या, उद्या माझ्याबरोबर काउन्सेलरकडे येशील का. मोठ्या ठिकाणी मला कुणी शोधत आलं असतं की नाही, माहीत नाही. विन्सेंट टिंटो नावाच्या अभ्यासकाने १९७५ मध्येच मांडलं होतं की मुलं शिक्षण मध्येच का सोडतात यात मार्कांइतकाच त्यांचं त्या ठिकाणी जुळलंय की नाही याचा हात असतो. मला ते वाचताना लायब्ररीवाले काकाच आठवतात.

आता त्रास. पहिल्या वर्षी तुम्ही जे काही केलं ते चौथ्या वर्षापर्यंत चिकटतं. एका मुलाने पहिल्या प्रेझेंटेशनला घाबरून पळ काढला होता, पुढे तो कॉलेजचा सगळ्यात चांगला वक्ता झाला तरी सीनियर त्याला बघून दाराकडे बोट दाखवायचे. ब्रेकअप झालं तर ती व्यक्ती रोज मेसमध्ये समोर, लॅबमध्ये शेजारी, आणि ग्रुप प्रोजेक्टला सर नेमकी तीच जोडी लावणार. गॉसिप पसरायला दुपार पुरते. आणि एखाद्या शिक्षकाशी वाजलं तर त्याच शिक्षकाचे पुढे आणखी तीन पेपर असतात, पळणार कुठे? तक्रार समितीतसुद्धा बऱ्याचदा तीच चार माणसं फिरून फिरून. म्हणून तक्रार ऐकायला बाहेरचं कुणी असतं का हे नक्की बघा, मी हे फार उशिरा शिकले.

अमेरिकेत सेंट जॉन्स नावाचं एक छोटं कॉलेज आहे, १९३७ पासून सगळं शिक्षण मूळ ग्रंथ वाचून चर्चा करण्यावर चालतं. तिथं शिक्षक मंडळी विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्याबद्दल आपसात बोलतात, "हा वाचून येतो पण बोलत नाही" वगैरे, जणू तो तिथं नाहीच, आणि शेवटी त्याला विचारतात, तुझं काय म्हणणं. ऐकून अंगावर काटा येतो, पण मला वाटतं पाठीमागे कॉरिडॉरमध्ये बोलण्यापेक्षा हे बरं.

मी फार बोलत नाही. माझं कसं होणार?

पहिला महिना जड जाईल. बारा जणांत गप्प बसणारा लगेच दिसतो, लपायला मागचा बेंचच नसतो. पण चांगला शिक्षक असेल तर त्याला हेही दिसतं की तुम्ही लिहिता चांगलं. मी शिकवताना एका मुलीला मुद्दाम सांगितलं होतं, बोलू नकोस, तासाआधी एक प्रश्न कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेव. सेमिस्टरभर ठेवले तिने. शेवटच्या आठवड्यात कागद नव्हता म्हणून मी बघितलं तर तिचा हात वर होता.

इलेक्टिव्ह, म्हणजे आपण निवडायचे विषय, मनासारखे मिळतात का?

नाही. यादीत वीस असतात, चालू चार असतात. किमान इतकी मुलं आली तरच विषय सुरू करू अशी अट असते आणि छोट्या बॅचमध्ये ती पुरी होत नाही. जुगाड असा की तुम्ही पाच-सहा जण मिळून आधीच्या सेमिस्टरलाच शिक्षकांना गाठायचं, नावं लिहून द्यायची. आम्ही असा एक विषय चालू करून घेतला होता. छोट्या ठिकाणी एचओडींच्या, म्हणजे डिपार्टमेंटच्या प्रमुखांच्या, दारावर टकटक करता येते ही सोय वापरा, नाहीतर तिथं जाऊन उपयोग काय.

अभ्यासाचा लोड कमी असतो का?

हा समज कुठून आला देव जाणे. युरोपात क्रेडिटचा हिशोब स्पष्ट आहे, पूर्णवेळ वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम, म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास, कॅम्पस छोटा म्हणून त्यात कुणी सूट देत नाही. उलट लहान वर्गात वाचून न जाता बसलात की पाचव्या मिनिटाला पकडले जाता.

लॅब, लायब्ररी?

हे कमी पडतं. एकच मशीन, त्याला एक रजिस्टर, आणि रजिस्टरमध्ये रात्री दोनच्या स्लॉटलाही नाव. मशीन बिघडलं तर दुरुस्तीवाला येईपर्यंत सगळ्यांचे प्रोजेक्ट थंड. पण एक आहे, पहिल्या वर्षाच्या पोराला त्या मशीनला हात लावू देतात, मोठ्या ठिकाणी ते पीएचडीवाल्यांचं राज्य असतं. लायब्ररीत पुस्तक नसेल तर दुसरीकडून मागवून देण्याची सोय आहे का आणि जर्नल्स ऑनलाइन उघडतात का, एवढं विचारा. बाकी इमारत किती चकचकीत आहे त्याला अर्थ नाही.

कंटाळा येतो का?

येतो, विशेषतः शनिवार-रविवारी अर्धं हॉस्टेल घरी गेल्यावर. रिकामी मेस, एका टेबलावर चौघं, आणि चौघांनाही एकमेकांचे सगळे जोक पाठ. पण क्लबमध्ये माणसं कमी असल्याने सगळं तुमच्याच गळ्यात पडतं आणि त्यातून शिकायला होतं. आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये मी लाइट, तिकीट, आणि एका अंकात शेजारीण, तिन्ही होते. शेजारणीच्या एन्ट्रीला लाइट लावायला कुणी उरलंच नाही, मी अंधारात संवाद म्हटले. लोकांना वाटलं दिग्दर्शकाची कल्पना आहे.

वर्ल्ड रँकिंगमध्ये नाव नाहीये, मग?

त्यावरून शिकवण्याचं काही कळत नाही. शांघाय रँकिंग २००३ पासून येतं, त्यात नोबेल मिळवलेले माजी विद्यार्थी आणि शिक्षक मोजतात, संशोधनाचे पेपर मोजतात, आणि जिथं एकूण संख्या मोजली जाते तिथं छोटं ठिकाण मागेच पडणार. वर्गात फळ्यापुढे काय चालतं ते त्यात कुठेच नाही.

मग मुलांच्या फीडबॅक फॉर्मवर विश्वास ठेवायचा?

जपून. २०१७ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासून पाहिले तेव्हा शिक्षकाला मिळालेले रेटिंग आणि मुलं खरंच किती शिकली यात जवळजवळ काही संबंध सापडला नाही. छोट्या ठिकाणी तर आणखी एक गंमत, फॉर्म निनावी असतो पण आठ जणांच्या वर्गात कुणाची वाक्यं कोणती हे शिक्षकाला कळतंच. मला कळायचं. "मॅडम खूप छान" असं आठही फॉर्मवर आलं की मी समजायचे, घाबरलेत.

कॅम्पस बघायला गेल्यावर काय बघायचं?

गाईडबरोबर फिरून झालं की एकटे परत फिरा. शिक्षकांच्या केबिनबाहेर भेटायच्या वेळा लिहिल्यात का, आणि त्या वेळेला आत कुणी आहे का ते बघा. जमलं तर एका वर्गात मागे बसू द्या म्हणून विचारा, जी जागा हसत हो म्हणते ती निम्मी पास. कुठल्याही मुलाला "कसं आहे इथं" असं विचारू नका, तो "छान" म्हणेल. विचारा, मागच्या असाइनमेंटवर सरांनी काय लिहून दिलं? नुसती टिकमार्क असेल तर तो टिकमार्कच सांगेल. खरंच कुणी वाचलं असेल तर तो फोन काढून तुम्हाला दाखवायला लागेल.

रेकमेंडेशन लेटर, नोकरी वगैरे?

लेटरच्या बाबतीत छोटं ठिकाण भारी. तुम्हाला तीन वर्षं बघितलेला माणूस लिहितो तेव्हा त्यात तुमची एखादी खरी गोष्ट येते. कंपन्या मात्र कॅम्पसवर कमी येतात, तीस मुलांसाठी कोण एवढ्या लांब येणार. माजी विद्यार्थीही कमी असतात, पण ईमेल केला तर उत्तर देतात. मी अजून देते.

जमलं नाही तर मध्येच बदलता येतं का?

क्रेडिट दुसरीकडे धरतील का ते पहिल्या वर्षीच लेखी विचारून ठेवा, गरज पडो न पडो. प्रत्येक विषयाचा सिलॅबस, ज्या वर्षी शिकलात त्याच वर्षीचा, सही-शिक्क्यासकट एका फाइलला लावून ठेवा. माझी मैत्रीण दोन वर्षांनी बदलून गेली तेव्हा नवीन ठिकाणी नेमका हाच कागद मागितला आणि जुन्या ऑफिसने सांगितलं की त्या वर्षीचा सिलॅबस आता आमच्याकडे नाही. शेवटी तो मिळाला आमच्या पेन्सिलवाल्या सरांच्या कपाटात, त्यांच्या हस्ताक्षरातल्या दुरुस्त्यांसकट, आणि ऑफिसने त्याचीच झेरॉक्स काढून त्यावर शिक्का मारून दिला.